चाकातील हवा : इयत्ता ६ वी व ७ वीसाठी एक पाठ



बोईसर-तारापूर परिसरातील मुलांस वाहनांचे नवल नाही. चिल्हार फाट्याकडून औद्योगिक वसाहतीकडे येणारे मालट्रक व कामगारांच्या मोटारसायकली ती नित्य पाहतात. परंतु चाकात हवा कशासाठी, हा प्रश्न त्यांस क्वचितच कोणी विचारतो. १८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस हवेचे टायर बसविले, ह्या हकीकतीने पाठास आरंभ करावा.

प्रयोगास एक सायकल पुरे. सौम्य उताराच्या माथ्यावर चुन्याची रेघ आखावी. चाके घट्ट भरून, पेडल न मारता एका मुलास खाली येऊ द्यावे व सायकल थांबेल तेथे खूण करावी. नंतर निम्मी हवा सोडून तोच मुलगा, तीच रेघ. दुसरी खूण अलीकडे पडते. मधले अंतर मुलांनीच मोजावे. शिक्षकाने आधी काही सांगू नये.

हवा कमी असता टायर जमिनीवर अधिक दबतो. प्रत्येक फेऱ्यात रबर वाकते व पूर्ववत होते, आणि त्यात खर्ची पडलेली शक्ती उष्णतारूपाने वाया जाते.

आता गणित. मोटारीच्या चारही चाकांत १ पौंड दाब घटला, तर एका लिटरात तोडले जाणारे अंतर सुमारे ०.२ टक्के घटते; १० पौंडांस २ टक्के. वर्षास १००० लिटर पेट्रोल लागणाऱ्या मोटारीस सुमारे २० लिटर जादा लागेल. लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरता ४६ किलो वायू हवेत जातो. आकडा मुलांस लहान वाटेल, वाटू द्यावा. मग परिसरातील वाहने मोजावयास सांगावे.

टायरची हानी मात्र डोळ्यांस दिसते. त्याच्या दोन्ही कडा आधी झिजतात, रबराचे सूक्ष्म कण पावसाबरोबर ओढ्यात व खाडीत जातात. अकाली टाकलेल्या टायरात पाणी साचून डास होतात, आणि तो उघड्यावर जाळला तर धूर विषारी असतो. शिवाय वैशाखातील दुपारी महामार्गावर तापलेला टायर फुटला, तर प्राणावर बेतते. शाळातपासणीस जाताना माझ्या मोटारसायकलीचे मागील चाक असेच फुटले होते. तीन महिने मी हवा पाहिली नव्हती, हे वर्गात सांगण्यास मला संकोच वाटत नाही.

घरच्या वाहनावर छापलेला योग्य दाब वहीत उतरवून आणण्यास सांगावे. पेट्रोलपंपावर हवा विनामूल्य मिळते, हेही पालकांस कळवावे. गाडी धावून आल्यावर दाब वाढलेला दिसतो. म्हणून नोंद सकाळी, चाके थंड असताना घ्यावी.