नेटची गती कमी आहे? आधी आपली वायर तपासा

कापडाचा व्यापारी थान घेताना पन्हा पाहतो. सुरुवातीचे चार हात पाहून तो भरवसा ठेवत नाही, कारण मध्येच पन्हा कमी निघाला तर सारा हिशोब बिघडतो. इंटरनेटच्या वायरीचेही तसेच आहे. मुख्य डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंत जेथे मार्ग सर्वात अरुंद असेल, तेवढीच गती आपल्या पदरी पडते. ही साधी गोष्ट आम्हाला उशिरा कळली. त्यात पैसा गेला आणि एका भल्या माणसाचे मनही दुखावले.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि आता रिटर्न, ई-वे बिल ही कामे नेटवरच होतात. सुरत, मालेगाव, इचलकरंजीचे नमुने मोबाईलवर येतात. आमचे दुकान खामगावात असून मागे गोदाम आहे. नेटचा मुख्य डबा दुकानाच्या गल्ल्याजवळ आहे. तेथून एक लांब वायर गोदामात जाते व अ‍ॅक्सेस पॉइंटला, म्हणजे वायरीने आलेले नेट वायफायवर पसरविणाऱ्या डब्याला, लागते. हिशोबाचा कॉम्प्युटर त्याच डब्याच्या मागच्या खाचेत छोट्या वायरीने जोडलेला आहे.

कॅमेऱ्यांचे चित्रण आणि साड्यांचे व्हिडिओ पाठविताना वेळ लागू लागला, म्हणून आम्ही १०० ऐवजी ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला. तरीही गोदामात गती ९४ च्या वर जाईना. चार महिने जादा पैसे भरले. शेवटी कनेक्शन देणाऱ्या तरुणाला आम्ही गिऱ्हाइकांसमोर बेइमान म्हटले आणि शेजारच्या दोन दुकानदारांनाही त्याचे कनेक्शन सोडण्याचा मशविरा दिला.

तो मुलगा शांतपणे म्हणाला, "चाचा, एकदा मला वायर पाहू द्या."

त्याने जे केले ते प्रत्येक व्यापाऱ्याने व कारागिराने शिकून घ्यावे असे आहे.

१) मुख्य डब्याची परीक्षा : त्याने आपला लॅपटॉप छोट्या वायरीने थेट मुख्य डब्याला लावला. गती २९० आली. म्हणजे बाहेरून येणारा माल पूर्ण होता.

२) लिंक स्पीड पाहणे : कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, त्यात इथरनेट उघडले की लिंक स्पीड दिसतो. तेथे १००० असेल तर वायर ठीक, १०० किंवा १० असेल तर मार्ग अरुंद. गोदामातील कॉम्प्युटरवर १००० दिसत होते. आमची फसगत येथेच झाली होती. तो आकडा फक्त कॉम्प्युटर ते अ‍ॅक्सेस पॉइंट या छोट्या वायरीचा असतो. त्याच्या मागच्या लांब वायरीविषयी तो काहीच सांगत नाही.

३) लांब वायरीची परीक्षा : त्याने अ‍ॅक्सेस पॉइंटमधून ती वायर काढून लॅपटॉपला लावली. आकडा आला १००. चोर सापडला!

४) टोके पाहणे : लॅन वायरीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० च्या गतीला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. त्यामुळे १०० ला न लागणाऱ्या जोड्यांतील एखादी तार तुटली तरी नेट बंद पडत नाही, बहुधा गुपचूप १०० वर उतरते. आमच्या वायरीत निळी व तपकिरी जोडी कनेक्टरमध्ये बसविलेलीच नव्हती. काही वर्षांपूर्वी दुसरी वायर वाचविण्यासाठी आम्हीच कारागिराला म्हटले होते, "एकाच वायरीत दोन कामे कर." ते दुसरे काम केव्हाच बंद झाले, अर्धी वायर मात्र तशीच राहिली.

दोन्ही टोकांना नवे कनेक्टर बसविले. रंगांचा क्रम असा : पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना क्रम एकच हवा. गोदामात गती २८० च्या वर गेली. खर्च किरकोळ आला.

याखेरीज पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात :

• काही स्वस्त अ‍ॅक्सेस पॉइंटच्या खाचाच १०० च्या असतात. घेताना खोक्यावर 'गिगाबिट' लिहिलेले पाहावे. ज्या डब्याला वायरीतूनच वीज जाते, त्याचे वीज देणारे यंत्रही गिगाबिटचे असावे.

• वायर कॅट-५ई किंवा कॅट-६, शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण लवकर तुटते. एका वायरीची लांबी १०० मीटरपेक्षा जास्त नसावी.

• विजेच्या वायरीला चिकटून नेटची वायर नेऊ नये. उंदरांपासून जपावी.

• मेगाबिट व मेगाबाइट यांत गल्लत करू नये. ८ बिटांचा एक बाइट. १०० मेगाबिटच्या मार्गाने सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट माल येतो.

• नुसते बिल आणि यूपीआय यांसाठी १०० ची गती भरपूर आहे. गरज नसता मोठा प्लॅन घेऊ नये.

• तपासताना एका वेळी एकच वस्तू बदलावी. सारे एकदम बदलले तर दोष कोठे होता ते कळत नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार आमच्या हातून झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाच्या दुकानी जाऊन माफी मागितली. ज्या दोन शेजाऱ्यांपाशी त्याची बदनामी केली होती, त्यांच्याकडेही जाऊन चूक आपली होती हे सांगितले. एकाने तोवर त्याचे कनेक्शन सोडले होते. ते नुकसान आमच्या जिभेने केले.

व्यापारी बंधूंनो, गज हाती असताना अंदाजाने कापड फाडू नये. आधी मोजावे, मग बोलावे.