शेवटच्या वाडीची मोटर आधी का जळते?



अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात महादेव कोळी आणि ठाकर बांधवांच्या वाड्या एकमेकींपासून दूर, उतारांवर विखुरलेल्या आहेत. पावसाळ्यात येथे पाऊस धो धो कोसळतो. उन्हाळ्यात मात्र हंडाभर पाण्यासाठी खाली विहिरीपर्यंत उतरावे लागते. म्हणून एखाद्या वाडीला पंप बसवून द्यावा, असे अनेक देणगीदारांच्या मनात येते. पंप बसतो, पाणी वर चढते, आणि एक-दोन हंगामांत निरोप येतो, “मोटर जळाली.” मग कोणीतरी बोलून जाते, “यांना दिलेली वस्तू सांभाळता येत नाही.” हे बोलणे कितपत खरे आहे? उत्तर मिळण्यासाठी आधी विजेचे दोन-तीन साधे धडे समजून घेऊ.

१. दाब, प्रवाह आणि रोध

उंचावरच्या टाकीतून नळाने पाणी येते, तशी वीज तारेतून येते. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर; विजेच्या या जोराला दाब म्हणतात व तो व्होल्टमध्ये मोजतात. नळातून किती पाणी वाहते, तसा तारेतून किती प्रवाह वाहतो, हे अँपिअरमध्ये मोजतात. अरुंद व लांब नळ पाण्याला अडवतो, तशी बारीक व लांब तार विजेला अडवते. हा रोध, आणि त्याचे माप ओहम.

नियम सोपा आहे : प्रवाहाला रोधाने गुणले की तारेत किती दाब खर्च झाला ते कळते. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा : प्रवाह दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते.

२. मोटर फिरते कशी?

तारेतून वीज वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकत्व निर्माण होते. इंग्लंडमधील एका लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला मायकेल फॅरडे, याने १८२१ साली या चुंबकत्वाच्या जोरावर तार सतत फिरती ठेवून दाखवली. १८३१ साली त्याने उलटी गोष्टही सिद्ध केली : चुंबक आणि तारेचे वेटोळे एकमेकांजवळ हलवले की तारेत वीज उत्पन्न होते.

शेतीच्या थ्री फेज मोटरीत हे दोन्ही शोध एकत्र काम करतात. बाहेरच्या स्थिर भागात तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. त्यालाच आपण वाइंडिंग म्हणतो. तीन फेजची वीज तिथे एकामागून एक जोर धरते, त्यामुळे चुंबकत्व गोल फिरू लागते. आतल्या रोटरला बाहेरून तार जोडलेली नसते. फिरत्या चुंबकत्वामुळे त्याच्यात आपोआप वीज उत्पन्न होते आणि तो चुंबकत्वाच्या मागे धावू लागतो, पण त्याला पूर्ण गाठत मात्र नाही. म्हणून चुंबकत्व मिनिटाला १५०० फेरे घेत असले, तरी मोटरीच्या पाटीवर १४४० च्या आसपास आकडा दिसतो.

मोटर आणि जनित्र ही सख्खी भावंडे आहेत याचा मोठा दाखला याच तालुक्यात आहे. घाटघरच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पात १२५ मेगावॅटचे दोन संच आहेत. विजेची गरज वाढते तेव्हा वरच्या धरणाचे पाणी घाटाखाली सोडून ते वीज तयार करतात. मागणी उतरली की तेच संच उलटे फिरून मोटरीचे काम करतात आणि खालचे पाणी पुन्हा वर चढवतात.

३. मग मोटर जळते का?

आता वाडीकडे वळू. पाच अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर सुमारे ७ अँपिअर प्रवाह घेते. डीपीपासून विहीर ३०० मीटर दूर आहे आणि ४ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची केबल टाकली आहे असे समजा. तिचा रोध दोन ओहमहून थोडा जास्त भरतो. म्हणजे प्रत्येक फेजचे सुमारे १५ व्होल्ट वाटेतच संपतात. मोटर सुरू होताना प्रवाह काही क्षण पाच-सहापट असतो, तेव्हा घट आणखी मोठी. शिवाय वीज आली की वरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, आणि लाइनच्या टोकाला असलेल्या वाडीपर्यंत दाब आधीच उतरून येतो.

दाब कमी झाला म्हणून पंपाचे काम कमी होत नाही. पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असते. ती तूट मोटर जास्त प्रवाह ओढून भरून काढते. प्रवाह वाढला की उष्णता त्याच्या वर्गाने वाढते, तारेवरचा वार्निशचा थर करपतो आणि वाइंडिंग जळते.

एक फेज गेली तर प्रकरण अधिक वाईट. चालत्या मोटरीच्या उरलेल्या दोन फेजमधला प्रवाह जवळजवळ पावणेदोनपट होतो, म्हणजे उष्णता तिप्पट. बंद असलेली मोटर तर सुरूच होत नाही. नुसती घुमत राहते व काही वेळातच जळते. रात्रीची वीज असेल आणि विहिरीवर कोणी नसेल, तर ती घुमण्याचा आवाज ऐकणार कोण?

म्हणून शेवटच्या वाडीची मोटर आधी जळते. माणूस तितकाच काळजी घेणारा असतो. त्याच्या वाट्याला डीपीपासूनचे अंतर जास्त आलेले असते. आणि पुन्हा वाइंडिंग करून घ्यायचे तर मोटर उपसून, डोंगर उतरवून बाजाराच्या गावी न्यावी लागते. तोवर पिकाचे पाणी थांबते, आणि त्या खर्चासाठी घरात उसनवारी होते.

४. देणगी पूर्ण कधी होते?

मोटरीबरोबर पुढील गोष्टी दिल्या, तरच देणगी पूर्ण झाली असे समजावे.

• जाड केबल. वरच्याच उदाहरणात १० चौरस मिलिमीटरची केबल टाकली, तर १५ ऐवजी सहा-सात व्होल्टच वाया जातात.
• चांगला स्टार्टर. त्यातील ओव्हरलोड रिले मोटरीच्या पाटीवरील अँपिअरइतकाच लावावा. तो सारखा पडतो म्हणून बांधून ठेवणे म्हणजे राखणदाराचे तोंड बांधणे होय.
• एक फेज जाताच मोटर बंद करणारे सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर.
• योग्य मापाचा कपॅसिटर. त्यामुळे लाइनवरचा प्रवाह कमी होतो व टोकाच्या शेजाऱ्यालाही थोडा दाब अधिक मिळतो.
• अर्थिंग. मोटर जळाली तर पैसे जातात. अर्थिंग नसेल तर माणूस जातो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा हात वीज उतरलेल्या पेटीला लागला, तर वीज त्याच्या शरीरातून जमिनीत जाते. अर्थिंगची तार तिला सोपी वाट देते. ही तार व तिचा खड्डा दरवर्षी उन्हाळ्यात तपासावा, कारण कोरड्या जमिनीत अर्थिंग दुबळे होते.
• वाडीतलाच शिकलेला हात. आयटीआयचा वीजतंत्री अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. वाडीतील एखाद्या मुलाची किंवा मुलीची ही दोन वर्षे निभावून दिली, तर पुढे अनेक वाड्यांच्या मोटरी वाचतील.

पुढच्या वेळी “मोटर जळाली” असा निरोप आला, तर वाडीला दोष देण्यापूर्वी एवढेच विचारावे : विहिरीवर दाब किती मिळतो, केबल किती जाडीची आहे, आणि एक फेज गेली तर मोटर बंद कोण करते? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की पुढची मदत कुठे लागेल तेही कळते.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. प्रवाह तिप्पट झाला तर तारेतील उष्णता किती पट होईल?
२. डीपीजवळच्या व लाइनच्या टोकाच्या विहिरीवर एकाच कंपनीची मोटर बसवली, तर कोणती अधिक टिकेल? का?
३. आपल्या मंडळीने यापूर्वी एखाद्या वाडीला पंप दिला असेल, तर वरीलपैकी कोणती गोष्ट द्यायची राहून गेली आहे?