एएमएच कमी आला म्हणजे काय?

हार्मोन्सच्या तपासण्यांच्या फेऱ्यातून गेल्यावर, आता त्याच वाटेने निघालेल्या बायकांना मला कळकळीने सांगावंसं वाटतं ते एवढंच: दंड पुढे करण्याआधी, ही तपासणी नेमकं काय शोधायला चालली आहे, ते डॉक्टरांना विचारा. हल्ली ‘फर्टिलिटी पॅकेज’मध्ये एएमएच, म्हणजे अँटी-म्युलेरियन हार्मोन, असतोच. रिपोर्टवर ०.८ असा आकडा ठळक अक्षरांत येतो, शेजारी ‘लो’ लिहिलेलं असतं आणि जिने अजून मुलाचा विचारही केलेला नाही तिची झोप उडते. एएमएच तयार होतो तो बीजकोशातल्या छोट्या, वाढू लागलेल्या पुटिकांमध्ये. त्यामुळे स्त्रीबीजांचा साठा किती उरला असावा याचा अंदाज त्यावरून येतो. ती कशा प्रतीची आहेत ते मात्र त्यातून कळत नाही. ते मुख्यतः वयावर ठरतं. आणि दिवस राहायला त्या महिन्याचं एक चांगलं बीज पुरतं. २०१७ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या सुमारे ७५० स्त्रिया होत्या. नुकताच प्रयत्न सुरू केलेल्या या स्त्रियांपैकी ज्यांचा एएमएच ०.७ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी होता, त्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. मग ज्यांना काही तक्रारच नाही, त्यांना या आकड्यावरून भविष्य सांगायचं कशाच्या जोरावर? अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१९ मध्ये असा वापर करू नये असंच सांगितलं.

यावर लोक म्हणतात, आधी कळलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते दोन्ही बाजूंनी. आकडा कमी आला की घाईने लग्न, घाईने आयव्हीएफ, नाहीतर ऐपत नसताना बीजं गोठवण्याचा खर्च. आकडा चांगला आला की चाळिशी ओलांडलेली बाई निर्धास्त होते आणि हाताशी असलेले महिने निघून जातात, आणि हा दुसरा धोका मला जास्त मोठा वाटतो. आयव्हीएफचे डॉक्टर एएमएच करायला सांगतात हे खरं, आणि ते योग्यही आहे. इंजेक्शनांचा डोस किती ठेवायचा, किती बीजं मिळतील, हे त्यांना ठरवायचं असतं. केमोथेरपी होणार असेल, बीजकोशाचं ऑपरेशन झालं असेल, किंवा आईची पाळी चाळिशीच्या आतच गेली असेल, तर ही तपासणी जरूर करावी. तिथे विचारायचा प्रश्न ठरलेला असतो.

बाकीच्या काही हार्मोन्सचं गणित पाळीच्या दिवसावर आहे. एफएसएच, म्हणजे पुटिका वाढवणारा हार्मोन, मोजण्यासाठी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त द्यायचं, पण पहिला दिवस कोणता? नुसता डाग दिसला तो नव्हे, नीट रक्तस्राव सुरू झाला तो. एफएसएचबरोबर इस्ट्राडायोलही पाहावा लागतो, कारण तो चढलेला असला की एफएसएच दबून नॉर्मल दिसतो. प्रोजेस्टेरॉन ‘एकविसाव्या दिवशी’ करा, असं सरसकट सांगितलं जातं. ते २८ दिवसांच्या पाळीला लागू. खरा हिशोब पुढच्या पाळीच्या साधारण ७ दिवस आधीचा आहे. ३५ दिवसांनी पाळी येणारीने एकविसाव्या दिवशी रक्त दिलं, तर तिचं बीज तोवर बहुधा फुटलेलंच नसतं, आणि रिपोर्ट मात्र ‘बीज तयारच होत नाही’ असा वाचला जातो! संततिनियमनाच्या गोळ्या चालू असताना एएमएचही काही प्रमाणात खाली दिसतो, गोळ्या थांबवल्यावर सहसा वर येतो. केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळ्यांत बहुधा बायोटिन असतं. त्याचा डोस मोठा असेल तर काही यंत्रांवर आकडेच चुकीचे येतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्ये तसा इशाराही दिला आहे. तेव्हा चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना आणि लॅबलाही सांगावी, आणि रिपोर्टवर पाळीचा कितवा दिवस होता ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवावं. दोन लॅबचे एएमएच ताडून पाहताना एककही बघा. १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे सुमारे ७ पिकोमोल प्रति लिटर. हे ध्यानात नसेल तर आकडा सातपट वाढल्याचा भास होतो.

एवढे प्रश्न विचारले तर डॉक्टर चिडतील, असं अनेकींना वाटतं. चांगला डॉक्टर चिडत नाही. पाळी अनियमित असेल, थांबली असेल, अंगावरचे केस वाढले असतील, स्तनांतून दूध येत असेल, तर वाट न पाहता दाखवावं. तिथे थायरॉइड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन यांच्या तपासण्यांना खरंच अर्थ असतो. पाळी नियमित असेल आणि वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर, ३५ नंतर ६ महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जावं, चाळिशीनंतर लगेच. आणि जायचं ते दोघांनी. वीर्यतपासणीला सुई लागत नाही, २ ते ७ दिवसांचा संयम पुरतो, तरी घरोघरी ती सगळ्यात शेवटी होते. ती पहिल्याच भेटीत लिहून घ्या.