दाबलेली गाठ आणि दुकानाचा हिशेब

आम्हा सूसच्या कापडवाल्यांचे बिलिंग, स्टॉक आणि उधारी आता भाड्याच्या सर्व्हरवर, 'कंटेनर' नावाच्या बंद खोक्यात असते. भाडे वाढले की आपण ते खोके दुसऱ्या सर्व्हरवर हलवायला सांगतो. तेव्हा एक गोष्ट आधी विचारावी.

कापसाची 170 किलोची गाठ दाबलेली असते म्हणून ट्रकमध्ये मावते. सोडली की गोदाम पुरत नाही. 'झेडएफएस' पद्धतीच्या साठ्यातही माहिती अशीच दाबून ठेवता येते. समजा, हिशेब 60 जीबीचा आहे, पण डिस्कवर 35 जीबीच दिसतो. साध्या 'सेंड' हुकुमाने मात्र माल सुटा होऊन निघतो. पलीकडे दाबण्याची सोय बंद असली तर जागा पुरी 60 जीबी लागणार. आपण 50 जीबी घेतली असेल तर काम अर्ध्यात अडते, आणि उधारीची वही त्यातच! हुकुमाला 'सी' लावला तर माल दाबलेलाच जातो. कारागीर लोक हे सांगत नाहीत.

म्हणून 'लॉजिकलयूज्ड' हा आकडा मागावा, जागा त्यावरून घ्यावी. कंटेनर हलताना सहसा थोडा वेळ बंद राहतो, तेव्हा काम दुकान मिटल्यावर करवावे. नव्या जागी कालचे शेवटचे बिल आणि उधारीची बेरीज जुळेपर्यंत जुना सर्व्हर सोडू नये.