बातम्या वाचून मन बधिर होतंय

प्रश्न : रोज मोबाइलवर युद्ध, अपघात, आत्महत्यांच्या बातम्या वाचते. पूर्वी रडू यायचं, आता काहीच वाटत नाही. सासूबाई म्हणतात, संतचरित्रं वाच. कथा वाचून करुणा येते का?

उत्तर : सासूबाईंचा सल्ला मोडीत काढू नका. तुम्ही निर्दय झालेल्या नाही. सतत आदळणाऱ्या दुःखापुढे मन स्वतःला मिटून घेतं. हजारांच्या आकड्यापेक्षा एका माणसाची हकिगत आपल्याला जास्त हलवते, हे मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांच्या अभ्यासातही दिसलं आहे. तेव्हा बातम्या कमी करा, एकच चरित्र सावकाश वाचा.

संत चोखोबांपासून सुरुवात करा. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते मजुरांसोबत गाडले गेले. परंपरा सांगते, की ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं, ती नामदेवांनी पंढरपूरला आणली. समाधी झाली ती महाद्वारासमोर, मंदिराबाहेर. नामदेव ढिगाऱ्यात हाडं वेचायला गेले, हे मला त्या चमत्काराहून मोठं वाटतं. आणि चोखोबांना जन्मभर बाहेर ठेवलं कोणी, हा प्रश्न टाळू नका. भक्तीच्या गोडव्यात तो हमखास विरघळतो.

मग ओळखीतल्या एखाद्या एकट्या, आजारी माणसाकडे जा. सल्ला देऊ नका, ऐकून घ्या.

मात्र दोन आठवडे जेवण, गप्पा, घरची माणसं असं सगळंच नीरस वाटत राहिलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तिथे पोथी पुरणार नाही.