उत्तर दिशेचा नमस्कार : बाबासाहेब आणि नवल भथेना यांची मैत्री

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त आमच्या माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. वडिलांच्या अखेरच्या शब्दाला मान देऊन सिगाल नावाचा गृहपतिपुत्र भल्या पहाटे ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करीत होता. राजगृहात भिक्षेसाठी निघालेल्या तथागतांनी त्याला या दिशांचा खरा अर्थ समजावून सांगितला. पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण दिशा म्हणजे आचार्य आणि उत्तर दिशा म्हणजे मित्र. याच सुत्तात मित्राची पारखही सांगितली आहे. केवळ बोलून साथ देणारा, परंतु गरजेच्या वेळी अडचण पुढे करणारा, तो मित्राच्या रूपातील अमित्र होय. याउलट, काम पडल्यावर लागेल त्याच्या दुप्पट देणारा तो खरा उपकारक मित्र. ही कसोटी हाती घेऊन आम्ही येथे बाबासाहेबांच्या परदेशातील एका मैत्रीचा अभ्यास मांडीत आहोत.

जुलै १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहातील भोजन त्यांना मानवले नाही. काही काळ ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहिले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात आले. तेथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांचा स्नेह जुळला. एक महार सुभेदाराचा मुलगा, तर दुसरा मुंबईत प्रतिष्ठा मिळवलेल्या समाजातला. मायदेशी एका छताखाली राहण्याचा प्रसंग या दोघांवर क्वचितच आला असता. परदेशात मात्र दोघेही केवळ हिंदी विद्यार्थी होते. तेथील भोजनगृहात कोणी जात विचारीत नव्हते.

तथापि परदेशात जुळलेल्या प्रत्येक मैत्रीची परीक्षा परतीच्या बंदरावर होते. ही परीक्षा बाबासाहेबांना सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यात द्यावी लागली. संस्थानच्या नोकरीसाठी ते तेथे गेले, तेव्हा उतरायला जागा नव्हती. अमेरिकेत शिकून आलेले त्यांचे काही परिचित त्याच शहरात राहत होते. ते आपल्याला घरात घेतील का, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर मनाला खात्रीने देता आले नाही. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते दीड रुपया रोजाने राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी दारात उभे राहिले आणि सायंकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले. तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, असे हिंदू मित्राने सांगितले. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारावे लागेल असे सांगितले. मुंबईच्या गाडीला अवकाश होता, म्हणून कोलंबियाच्या या पदवीधराने कामाठी बागेत बसून पाच तास काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

येथे विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. काठ्या घेऊन आलेले पारशी होते आणि नवल भथेनाही पारशीच होते. मुंबईला परतल्यानंतर बाबासाहेबांनी हा मित्र गमावला नाही, आणि मित्रानेही पाठ फिरवली नाही. जुलै १९२० मध्ये अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी बाबासाहेब लंडनला निघाले, तेव्हा नवल यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. त्या काळी सिडनेहॅम महाविद्यालयातील प्राध्यापक आंबेडकरांचा पगार महिना साडेचारशे रुपये होता, यावरून त्या रकमेचे मोल कळते. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परतल्यावर वकिलीची सनद घ्यायलाही हाती पैसे नव्हते. तेव्हाही नवलच मदतीला आले. बडोद्याचे मित्र बोलून मोकळे झाले. नवल यांनी मात्र आपले बोलणे कृतीने खरे केले.

याच प्रवासाला आपल्या करवीर नगरीचाही हात लागला होता. मार्च १९२० मधील माणगाव परिषदेत छत्रपती शाहू महाराज बाबासाहेबांच्या शेजारी उभे राहिले आणि लंडनच्या प्रवासासाठीही त्यांनी साहाय्य केले. १९२१ मध्ये रुपयाचा विनिमय दर कोसळला व पैसे अपुरे पडू लागले, तेव्हा बाबासाहेबांनी लंडनहून महाराजांकडे दोनशे पौंड कर्ज मागितले. मागणीत लाचारी नव्हती. ते कर्ज होते, भिक्षा नव्हे. समान प्रतिष्ठेची मैत्री अशीच असते. देणारा वर चढत नाही आणि घेणारा खाली वाकत नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नवल यांच्या मैत्रीने बडोद्याच्या धर्मशाळेचे दार उघडले नाही. एका सज्जनाच्या स्नेहाने समाजाची रीत बदलत नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. म्हणूनच ते व्यक्तिगत मैत्रीवर समाधान मानून थांबले नाहीत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी स्वातंत्र्य व समता यांना बंधुतेपासून तोडता येत नाही असे बजावले, आणि १९५६ मध्ये मैत्रीचा उपदेश करणारा धम्म आपल्या हाती दिला.

आता प्रश्न आपला आहे. आपल्या शाळेत ऊसतोड मजुराची मुलगी आणि अधिकाऱ्याची मुलगी एकाच पंगतीत जेवल्या, एकाच नळावर त्यांनी ताटे घासली. आज काही माजी विद्यार्थी दुबईत, लंडनमध्ये, अमेरिकेत आहेत, आणि त्यांच्याच वर्गातले काही जण आजही गवंड्याच्या हाताखाली राबत आहेत. पूर्वी दुसऱ्यांनी आपल्याभोवती कुंपण घातले होते. आता आपल्याच समाजात पगाराचे आणि वसाहतीचे नवे कुंपण उभे राहू लागले आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात पुढच्या खुर्च्या आणि मागची सतरंजी अशी विभागणी नकळत होताना आम्ही पाहिली आहे. ती मांडणी करणाऱ्यांत आम्हीही होतो, हे कबूल केले पाहिजे.

म्हणून पालक व माजी विद्यार्थ्यांसाठी हा छोटा गृहपाठ. आपल्या वर्गातील कोणत्या मित्राचे घर आपण गेल्या दहा वर्षांत पाहिलेले नाही? तो दारात आला, तर आपल्याला कोणाला विचारावे लागेल? त्याने उसने मागितले, तर ते देताना त्याची मान ताठ राहील असे आपण वागू का? उत्तरे कागदावर लिहिण्याची गरज नाही. पुढच्या मेळाव्याला येताना त्या मित्राला सोबत घेऊन यावे.

जय भीम! नमो बुद्धाय!