'ब्रेकिंग अवे' : पडद्यावरची शर्यत आणि धावपट्टीवरची शर्यत

सायकलच्या शर्यतीवरचे चांगले चित्रपट बोटांवर मोजण्याइतकेच. त्यांतही विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या शर्यतीवर आधारलेला आणि जगभर नावाजलेला असा एकच मला ठाऊक आहे. तो म्हणजे पीटर येट्स यांचा 'ब्रेकिंग अवे' (१९७९). आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला नसेल. पण मन्सूर खान यांचा 'जो जीता वही सिकंदर' (१९९२) न पाहिलेला विद्यार्थी विरळा. गावातली साधी मुले, समोर तोऱ्यात वावरणारी श्रीमंत मुले आणि शेवटी सायकलची शर्यत, हे दोहोंतले साम्य पुष्कळांनी दाखवून दिले आहे. त्या वादात मला शिरायचे नाही. मला पडलेला प्रश्न साधा आहे. ज्या खऱ्या शर्यतीवरून हा अमेरिकन चित्रपट निघाला, ती शर्यत खरोखर अशीच जिंकली जाते का?

ती शर्यत म्हणजे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाची 'लिटल ५००'. ती ब्लूमिंग्टन या गावी १९५१ पासून भरते. जवळच्या इंडियानापोलिसला मोटारींची प्रसिद्ध '५०० मैल' शर्यत होते, तिच्या धर्तीवर हॉवर्ड विल्कॉक्स या विद्यापीठातल्याच गृहस्थांनी ही सुरू केली. त्यांच्या वडिलांनी १९१९ साली ती मोटारींची शर्यत जिंकली होती, म्हणजे कल्पना घरचीच म्हणायची! मोटारींच्या शर्यतीत ३३ गाड्या, तसे येथे ३३ संघ. प्रत्येक संघात चार जण. पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची, काळसर कोळशाच्या राखेसारख्या चुरीची धावपट्टी आणि तिच्यावर २०० फेऱ्या. एकूण ५० मैल, आपले ८० किलोमीटर. हे अंतर दोन तासांच्या आसपास कापले जाते.

सायकलीही खास आहेत. सर्वांना एकाच बनावटीच्या. गिअर एकच. हँडलला ब्रेक नाही, पायडल उलटे दाबले की मागचे चाक थांबते. पायडल सपाट, पाय अडकवायला पट्टा नाही. अलीकडच्या सायकलींत पुढच्या चक्राला ४६ दाते आणि मागच्याला १८ असतात. मी गणित करून पाहिले. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते, म्हणजे धावपट्टीच्या एका फेरीला सुमारे ७५ वेळा पाय फिरवायचा. ताशी ३७ किलोमीटर वेग राखायचा तर मिनिटाला ११५ वेळा! गिअर बदलण्याची सोय नाही, उतार नाही, क्षणभर पाय सैल सोडून दम घ्यावा तर मागचा घोळका अंगावर येतो. हे दोन तास एकट्याने कोणी करू म्हटले, तर वाचकांनीच विचार करावा.

येथेच बदलीचे महत्त्व येते. आजच्या नियमांप्रमाणे प्रत्येक संघाला किमान दहा वेळा स्वार बदलावा लागतो. येणारा स्वार आपल्या संघाच्या चौकोनाशी चालत्या सायकलवरून उडी टाकतो, दुसरा ती धरून धावत धावत तिच्यावर चढतो. हे सारे वेग न मोडता साधावे लागते. एका बदलीत तीन-चार सेकंद गेले तरी घोळका तीस-चाळीस मीटर पुढे निघून जातो. ब्लूमिंग्टनची मुले महिनोन्महिने या उड्यांचा सराव करतात, असे वाचल्यावर मला नवल वाटले नाही.

आता चित्रपट पाहा. डेव्ह स्टोलर हा नायक इटालियन सायकलपटूंच्या नादाने वेडा झालेला. घरात इटालियन बोलतो, ऑपेरा गातो, मांजराचे नावसुद्धा 'फेलिनी' ठेवतो. वडील पूर्वी दगडाच्या खाणीत काम करणारे, आता जुन्या मोटारी विकतात आणि मुलाच्या या थेरांनी हैराण आहेत. (पॉल डूली यांनी हा बाप असा रंगवला आहे की, शर्यतीपेक्षा घरातलेच प्रसंग अधिक लक्षात राहतात.) शेवटच्या शर्यतीत डेव्ह एकट्यानेच सगळे अंतर कापायला निघतो. पडतो, जखमी होतो, मग त्याचे तीन मित्र नाइलाजाने थोड्या थोड्या फेऱ्या मारतात. अखेर डेव्ह पुन्हा सायकलवर बसतो, आपले पाय पायडलला चिकटपट्टीने बांधून घेतो आणि जिंकतो.

पाय बांधण्याची ही कल्पना सपाट पायडलची अडचण जाणणाऱ्यालाच सुचेल. पण पाय एकदा बांधले की बदली संपली! चार जणांची शर्यत एका नायकाची झाली. चित्रपटाला नायक हवा असतो, इतके म्हणून हे सोडून देता आले असते. पण पटकथाकाराची हकीकत कळली तेव्हा मला निराळाच विचार सुचला.

पटकथा स्टीव्ह टेसिच यांची. त्यांना तिच्यासाठी ऑस्करही मिळाले. ते मूळचे युगोस्लाव्हियातले, चौदाव्या वर्षी अमेरिकेत आलेले. पुढे याच विद्यापीठात शिकले, आणि १९६२ साली 'फाय काप्पा साय' या संघाचे राखीव खेळाडू होते. तो संघ त्या वर्षी जिंकला. त्यातल्या डेव्ह ब्लेझ नावाच्या गड्याने २०० पैकी १३९ फेऱ्या एकट्याने मारल्या आणि शेवटची रेषाही त्यानेच ओलांडली. त्यालाही इटालियन संगीताचे वेड होते. चित्रपटातला डेव्ह त्याच्यावरूनच घेतला आहे, आणि खुद्द ब्लेझ चित्रपटात शर्यतीचा निवेदक म्हणून दिसतो.

म्हणजे एकट्या नायकाची गोष्ट अगदीच हवेतली नाही. पण १३९ वजा केले की ६१ उरतात. त्या ६१ फेऱ्या कोणीतरी मारल्याच ना! पडद्यावर त्या फेऱ्या नायकाचा दम परत येईपर्यंतची वाट पाहणे एवढ्याच आहेत, त्यांत थोडी गंमतही केली आहे. मला वाटते, ही राखीव खेळाडूची दृष्टी आहे. धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्याला सर्वांत पुढे जाणारा दिसतो. कोणाच्या आडोशाने तो दम राखतो आहे, कोणी त्याला सायकल न डगमगता हातात दिली, हे सायकलवर बसणाऱ्यालाच ठाऊक असते.

आडोशाचा मुद्दा जरा उलगडून सांगतो, कारण सायकल-शर्यतीचे सारे मर्म त्यात आहे. सपाट रस्त्यावर सायकलपटूची बहुतेक शक्ती वाऱ्याचा विरोध तोडण्यात खर्च होते. वेग दुप्पट केला की हा विरोध चौपट होतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती आठपट. पुढच्याच्या चाकाला चाक लावून चालणाऱ्याचे कष्ट पाव हिश्शाहून अधिक कमी होऊ शकतात. आंतरमहाविद्यालयीन शर्यतीत मी दोनदा उतरलो आहे. पहिल्या दहा किलोमीटरांतच पाठ्यपुस्तकातले हे वाक्य मांड्यांना कळते. रोज कॉलेजला येताना समोरचा वारा असला की उसाच्या ट्रॉलीमागे सायकल लावणाऱ्या आमच्या गावच्या मुलांनाही ते कळते.

'ब्रेकिंग अवे'त डेव्ह एका अवजड ट्रकच्या मागे ताशी ६० मैलांनी धावतो आणि ट्रकवाला बोटांनी त्याला वेग दाखवतो. दृश्य सुंदर आहे, आणि शास्त्राला धरूनही. ट्रक हवा फोडतो, मागच्याला विरोध फारसा उरत नाही. मात्र त्या काळच्या शर्यतीच्या सायकलला पुढे ५२ आणि मागे १३ दाते धरले, तरी त्या वेगाला मिनिटाला १९० वेळा पाय फिरवावा लागेल. काही क्षण ते जमेल, मैलच्या मैल नव्हे. गंमत अशी की, आडोशाचे हे तत्त्व दिग्दर्शकाने ट्रकच्या प्रसंगात इतके नेमके दाखवले, आणि खऱ्या शर्यतीत, जेथे त्यावरच हारजीत ठरते, तेथे मात्र ते जवळजवळ विसरला. 'जो जीता वही सिकंदर'मध्ये तर वाटेतच मारामारी होते. खऱ्या पंचांनी दोघांनाही तेथेच बाद केले असते!

मग चित्रपट खोटा म्हणावा काय? शर्यतीपुरता बराचसा. पण शर्यतीत उतरायला कोणाला मिळते, याबाबत तो फार खरा आहे. ब्लूमिंग्टनच्या परिसरात चुनखडीच्या प्रचंड खाणी आहेत. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला तिथलाच दगड लागला आहे आणि विद्यापीठाच्या इमारतींनाही. चित्रपटात एका रात्री बाप मुलाला घेऊन त्या इमारतींमधून चालतो. दगड आम्हीच काढला, पण बांधून झाल्यावर आत जायला आम्हाला संकोच वाटू लागला, अशा अर्थाचे तो बोलतो. विद्यापीठाची मुले गावातल्या या मुलांना हिणवून 'कटर' म्हणतात, आणि तेच नाव ती मुले शर्यतीत आपल्या संघाला घेतात. पडद्यावर विद्यापीठाचे अध्यक्ष त्यांना शर्यतीत प्रवेश देतात. प्रत्यक्षात ही शर्यत फक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, खाणकामगाराच्या मुलाने आधी प्रवेश घ्यावा लागतो. चित्रपटाच्या शेवटी डेव्ह नेमके तेच करतो, याची नोंद मी शर्यतीच्या निकालापेक्षा महत्त्वाची मानतो. शिवाय या शर्यतीचे उत्पन्न नोकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना जाते. चित्रपट तिकडे वळत नाही, पण आपल्यासारख्यांच्या नजरेतून ते सुटू नये.

मुलींची गोष्ट निराळी. पडद्यावर त्या प्रेक्षकांत आहेत, आणि त्या काळी प्रत्यक्षातही तसेच होते. त्यांच्यासाठी तीनचाकी सायकलींची 'मिनी ५००' असे! १९८७ मध्ये एका विद्यार्थिनी-संघाने थेट पुरुषांच्या शर्यतीची पात्रता-फेरी दिली. ३३ मध्ये जागा मिळाली नाही, पण १९८८ पासून मुलींची स्वतंत्र १०० फेऱ्यांची शर्यत सुरू झाली. यावर कोणी चित्रपट काढला तर मी पहिल्या रांगेत बसेन.

जुने मैदान, जेथे चित्रीकरण झाले, ते आता उरले नाही. १९८१ पासून शर्यत बिल आर्मस्ट्राँग मैदानावर भरते. मात्र १९८४ साली काही विद्यार्थ्यांनी चित्रपटावरून नाव घेऊन 'कटर्स' नावाचा खरा संघ काढला आणि त्याच वर्षी शर्यत जिंकली. पुढे २००७ ते २०११ अशी सलग पाच वर्षे विजेतेपद त्यांच्याकडे होते. सगळ्या बदल्या करून, चौघांनी मिळून, पाय मोकळे ठेवून.